तोंडी नकार बंद करा: बाहेरून केलेलं काम आणि गाडीची वॉरंटी

प्रति,
मोटारी बनवणाऱ्या कंपन्या, त्यांचे वॉरंटी विभाग आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर यांस

सविनय नमस्कार.

तुमच्या वॉरंटीच्या पुस्तिकेत एक लिहिलेलं असतं आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर दुसरंच ऐकायला मिळतं. हे पत्र त्यावर आहे. लिहितोय तुम्हाला, पण खुलं ठेवतोय. ज्यांच्या गाडीत एखादा कॅमेरा, म्युझिक सिस्टीम किंवा वेगळी चाकं बाहेरून बसवलेली आहेत, त्या सगळ्यांच्या हे कामाचं आहे.

मी गाड्यांचं वायरिंग आणि इलेक्ट्रिकल काम करतो. तुमच्या लोकांच्या बोलण्यात जो ‘बाहेरचा माणूस’ येतो, तो मी. माझं पोट याच कामावर आहे, तेव्हा मी तटस्थ आहे असा आव आणत नाही. पण माझीही एक गाडी आहे, तीही वॉरंटीतली आहे, आणि काउंटरच्या अलीकडे मीही उभा राहिलेलो आहे.

माझ्या गाडीच्या स्टिअरिंगमधून वळताना कटकट आवाज येत होता. हळू वेगात, खराब रस्त्यावर जास्त. रॅकमध्ये ढिलेपणा आला असावा असा माझा अंदाज होता, म्हणून गाडी तुमच्यापैकी एकाच्या सेंटरला नेली. ॲडव्हायझरने गाडी रॅम्पवर घेतलीच नाही. डिकी उघडली, रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर पाहिली, मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि म्हणाला, ‘‘सर, बाहेरून काम केलंय. वॉरंटी गेली.’’

‘‘अहो, कॅमेरा रिव्हर्सच्या दिव्यावर आहे. त्याचा स्टिअरिंगशी काय संबंध?’’

‘‘मला कळतंय सर, पण सिस्टीम क्लेम घेत नाही.’’

‘‘बरं, मग तसं लिहून द्या.’’

‘‘लिहून नाही देता येत सर. वरून तसंच आहे.’’

त्या कॅमेऱ्याची पॉझिटिव्ह वायर रिव्हर्स लाइटच्या वायरीला जोडलेली आहे. गिअर रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय त्या वायरीत करंट येत नाही. आवाज येतो तो गाडी पुढे जाताना. हे समजायला इलेक्ट्रिशियन असण्याची गरज नाही. जॉब कार्डवर मात्र एकच ओळ आली: ‘कस्टमरला समजावून सांगितले.’ काय समजावलं, कुणी समजावलं, कस्टमरला ते पटलं का, यातलं काहीही नाही. दात दुखतो म्हणून गेलेल्या माणसाला ‘तुम्ही केस बाहेर कापलेत’ म्हणून परत पाठवावं, त्यातलाच हा प्रकार.

त्या पोराबद्दल माझी तक्रार नाही. त्याला जे सांगून बसवलंय ते तो बोलतो. क्लेम पास झाला आणि मागाहून तुमच्या ऑडिटमध्ये तो नाकारला गेला, तर त्याचा भुर्दंड डीलरला बसतो, त्यामुळे नाही म्हणणं डीलरला नेहमीच स्वस्त पडतं. ही व्यवस्था तुम्ही उभी केलेली आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

आता पुस्तिकेकडे येऊ. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या पुस्तिकेतला मजकूर साधारण असा असतो: कंपनीने मान्य न केलेल्या फेरबदलांमुळे किंवा पार्टमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जाणार नाही. ‘मुळे’ हा शब्द तुम्हीच छापलेला आहे. त्याचा सरळ अर्थ, आधी नुकसान कशामुळे झालं ते ठरवायचं आणि मग तेवढ्यापुरतं नाही म्हणायचं. काउंटरवर तो शब्द गळून पडतो आणि ‘फेरबदल आहे, सबब वॉरंटी नाही’ एवढंच शिल्लक राहतं.

कायदाही बऱ्याच ठिकाणी याच बाजूचा आहे. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. ठरावीक कंपनीचेच पार्ट किंवा तिचीच सर्व्हिस वापरली तर वॉरंटी टिकेल, अशी अट त्या कायद्याखाली घालता येत नाही. ती वस्तू किंवा सेवा फुकट देत असाल किंवा सरकारी आयोगाकडून खास सूट मिळवली असेल, तर गोष्ट वेगळी. याच कायद्याच्या आधारे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२२ मध्ये हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली, आणि बाहेर दुरुस्ती केल्याने किंवा बाहेरचे पार्ट वापरल्याने वॉरंटी रद्द होत नाही, असं वॉरंटीतच छापायला लावलं. युरोपीय संघात मोटार क्षेत्रासाठी २०१० चा नियम आहे, त्याची मुदत २०२८ पर्यंत वाढवलेली आहे, आणि साधी सर्व्हिसिंग बाहेर केली म्हणून वॉरंटी अडवणं तिथे स्पर्धेला बाधक मानलं जातं. भारतात स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट नको, आणि बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी, असं त्या आदेशात आहे. पुढे अपिलं झाली, वाद झाले, ते असो.

हे सगळं मुख्यतः दुरुस्ती आणि सुटे भाग यांच्याबद्दल आहे, हे मला ठाऊक आहे. गाडीत मुळात नसलेली वस्तू घालणं किंवा आहे ती बदलून वेगळी बसवणं हे थोडं निराळं प्रकरण, आणि त्या फटीतूनच तुमचे लोक निसटतात. पण सदोष दुरुस्तीला जे तत्त्व लागू आहे ते एका कॅमेऱ्याला का लागू नसावं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तक्रारी आता एकेक करून मांडतो.

पहिली, आणि सगळ्यात मोठी. बदल एका ठिकाणी, नकार अख्ख्या गाडीला. सिस्टीममध्ये गाडीच्या नंबरापुढे एकदा शेरा पडला की ती गाडी कायमची संशयित. सीट कव्हर शिवून घेतलेल्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर अडवलेला मी पाहिलाय. सीटमध्ये एअरबॅग असेल तर कव्हरला हरकत घेणं रास्तच, कारण ती बाजूची शिवण फाडून बाहेर यायची असते. तेव्हा त्या एअरबॅगची जबाबदारी नाकारा, मी तुमच्या बाजूने बोलेन. कॉम्प्रेसर कुठून आला मध्येच?

दुसरी, तपासणीच होत नाही. आणि हे जास्त खटकतं, कारण तपासायची साधनं सगळी तुमच्याच हातात आहेत. गाडीत फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाचा क्रमांक, नोंदला जातो तेव्हा अनेक कोडच्या सोबत त्या क्षणाची स्थितीही साठवली जाते: इंजिनचे फेरे, पाण्याचं तापमान, वेग, लोड. ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरमध्ये, कुठलं सॉफ्टवेअर आहे त्याचा कॅलिब्रेशन आयडी आणि त्याचा पडताळणी क्रमांक स्कॅनरवर वाचता येतो. मूळ फाइल बदलली असेल तर हा क्रमांक जुळत नाही. कित्येक ईसीयू आपल्यात किती वेळा प्रोग्रॅमिंग झालं तेही मोजून ठेवतात. वायरिंगचंही तसंच. गाडीतल्या कंट्रोल युनिटना जोडणारी कॅन बसची, म्हणजे एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरींची, जोडी घ्या. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मीटर लावलं की ६० ओहमच्या आसपास रीडिंग यायला हवं. कुणी तिथे गाठ मारून बिघाड केला असेल तर पुष्कळदा इथेच कळतं. मीटर लावायला पाच मिनिटं लागतात. फोटो काढायला पाच सेकंद लागतात, म्हणून फोटो काढला जातो.

यात मालकाची बाजू बघा. त्याच्याकडे ना स्कॅनर, ना डायग्राम, ना तुमचा डेटा. तरी ‘माझ्या कॅमेऱ्यामुळे हे झालेलं नाही’ हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. डेटा ज्याच्याकडे आहे त्यानेच पुरावा द्यावा, असं साधा व्यवहार सांगतो.

तिसरी तक्रार तुमच्या शोरूमच्या मागच्या दाराची आहे, आणि यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण या दारातून मी आत गेलेलो आहे. नवीन गाडीसोबत ॲक्सेसरीचं पॅकेज विकलं जातं. स्क्रीन, कॅमेरा, दाराचे स्पीकर, खालचे दिवे. ग्राहक समजतो की कंपनीचा माल, कंपनीचाच माणूस बसवतोय. बऱ्याचदा माल बाजारातलाच असतो, आणि बसवणारा माझ्यासारखाच कुणीतरी, कामाप्रमाणे पैसे घेणारा, संध्याकाळी डिलिव्हरी आहे म्हणून घाई लावलेला. तशा घाईत वायरीवर पक्कडीने दाबून बसवायच्या निळ्या प्लास्टिकच्या क्लिपा लागतात. आतली पात वायरीचं आवरण कापून तांब्याला भिडते, त्यात दोनचार तारा तुटतात, पुढे ओल शिरते आणि काही महिन्यांनी तिथे हिरवट बुरशीसारखा थर धरतो. तेच काम कपलर-टू-कपलर हार्नेस, म्हणजे गाडीच्या मूळ प्लगमध्येच बसणारा तयार वायरींचा संच, लावून केलं तर एकही वायर कापावी लागत नाही, आणि काढून टाकलं की गाडी मूळ स्थितीत. म्हणजे शोरूममध्ये क्लिपा मारून केलेलं काम ‘अधिकृत’, आणि बाहेर कपलर लावून केलेलं काम ‘छेडछाड’. बिल कुणाच्या नावाचं आहे, यावर तुमची वॉरंटी ठरते. तांब्याला बिल वाचता येत नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. ॲक्सेसरीचं बिल पुष्कळदा गाडीच्या बिलापासून वेगळं असतं, आणि तिची वॉरंटी डीलरची की माल बनवणाऱ्याची हे त्यावर धड लिहिलेलं नसतं. तीच स्क्रीन पुढे बिघडली की डीलर म्हणतो कंपनीला विचारा, आणि कंपनी म्हणते तो आमचा पार्टच नाही.

चौथी. आधी विचारलं तर उत्तर मिळत नाही. ‘मला १६ इंची चाकं घालायची आहेत, वॉरंटीवर काय परिणाम होईल?’ असं शहाण्या ग्राहकाने आधीच विचारलं, तर हेल्पलाइन सर्व्हिस सेंटरकडे पाठवते आणि सेंटर म्हणतं, ‘आम्ही सजेस्ट करत नाही.’ हो नाही, आणि नाहीही नाही. खरं तर चाकांचं उत्तर इतकं सोपं आहे की तक्त्यात छापता येईल. मूळ टायर १८५/६५ आर१५ असेल तर त्याचा व्यास साधारण ६२१.५ मिलिमीटर. त्याजागी १९५/५५ आर१६ घातला तर व्यास ६२०.९. फरक एका मिलिमीटरहूनही कमी, स्पीडोमीटरला पत्ताही लागत नाही. पण कुणी दुकानदाराच्या सांगण्यावरून २०५/६५ आर१५ घातला तर व्यास ६४७.५ होतो, म्हणजे चार टक्क्यांनी जास्त, आणि काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०४ च्या हिशेबाने पळते. शिवाय चाक बाहेरच्या बाजूला किती सरकलं, म्हणजे ऑफसेट किती बदलला, त्यावर व्हील बेअरिंगवरचा ताण अवलंबून. एवढे आकडे तुमच्या इंजिनिअरकडे असतातच. ते मालकाला द्यायला काय हरकत आहे?

पाचवी, छोटी. पैसे भरून घेतलेली वाढीव वॉरंटी हा पुष्कळदा वेगळाच करार असतो, चालवणारा वेगळा, अटी जास्त कडक. विकताना मात्र ‘हीच वॉरंटी पुढे चालू राहते’ असं सांगितलं जातं. असं सांगू नका.

सहावी तक्रार माझी नाही, पण मी केलेल्या कामांतून आलेली आहे. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी गाडीत हाताने चालवायचे कंट्रोल बसवावे लागतात. एक दांडा, तो ढकलला की ब्रेक, खाली ओढला की रेस. ज्याचा उजवा पाय गेला आहे त्याच्यासाठी ॲक्सिलरेटर डावीकडे घ्यावा लागतो. कुणाला बाहेर वळणारी सीट लागते. यांच्यासाठी ‘मॉडिफिकेशन’ ही हौस नाही, त्याशिवाय गाडी चालतच नाही. अशा माणसाने नवी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात तुमच्या भाषेत तो गाडीशी छेडछाड करतो, आणि पुढची सगळी वर्षं प्रत्येक क्लेमच्या वेळी त्याच्या पोटात गोळा येतो. तुमच्यातल्याच काही कंपन्या काही देशांत अशा फेरबदलाच्या खर्चाचा काही भाग परत करतात. मनात आणलं तर सगळं जमतं, हे त्यावरून दिसतं. बाकीच्यांनी काय अडवलंय?

इथे तुमची बाजूही मांडतो, कारण ती बऱ्याच ठिकाणी खरी आहे, आणि आमच्यातले लोक ती ग्राहकाला सांगत नाहीत.

हेडलाइटचा एच-४ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. १२ व्होल्टवर ६० वॉट म्हणजे एका बल्बला ५ ॲम्पियर, दोन्हींना मिळून १०. त्याजागी १००/९० चे बल्ब घातले की दोन्हींचा करंट साडेसोळा ॲम्पियरच्या वर जातो. वायर तीच, स्विच तोच, होल्डर तोच. बॅटरीवरून वेगळी जाड वायर आणि रिले न घालता हे केलं तर होल्डर वितळणार, रिफ्लेक्टर काळा पडणार. तो होल्डर, ती वायर, तो स्विच वॉरंटीत देऊ नका. गाडी पेटली तर माझ्या व्यवसायातल्या त्या माणसाला जबाबदार धरा.

डॅशकॅमही तसाच. पार्किंग मोडवर तो पाव ॲम्पियर जरी खात असेल तरी दिवसाला ६ ॲम्पियर-तास होतात. आठवडाभर गाडी जागची हलली नाही तर ४२. गाडीतली बॅटरीच ४५ ची असेल तर उरतं काय? व्होल्टेज खाली आलं की आपोआप तोडणारं सर्किट नसेल, तर बॅटरीचा क्लेम नाकारलात तरी मी भांडणार नाही. अल्टरनेटरचा नाकारलात तर कारण विचारीन.

आणि रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं. टर्बोचं प्रेशर वाढवायचं, इंधन वाढवायचं, आणि क्लच घसरला की कंपनीला शिव्या द्यायच्या, हे मला मान्य नाही. डिझेल गाड्यांना लावायचे ते ट्यूनिंग बॉक्स तर आणखी कपटी. त्यातले पुष्कळसे रेल प्रेशरच्या, म्हणजे इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलच्या दाबाच्या, सेन्सरचं रीडिंग मध्येच पकडून ईसीयूला कमी करून दाखवतात. ईसीयूला वाटतं प्रेशर कमी आहे, तो वाढवतो, आणि इंजेक्टर व हाय प्रेशर पंप नेहमीपेक्षा जास्त दाबाखाली चालत राहतात. सर्व्हिसला जाण्याआधी बॉक्स काढून ठेवायचा सल्ला देणारेही आमच्यातच आहेत. हा सल्ला म्हणजे सरळ फसवणूक. अशा गाडीचे इंजेक्टर, पंप, टर्बो, क्लच यांची जबाबदारी तुमची नाही. गॅस किटचंही बघा: इंजिनच्या व्हॉल्व्ह सीट गॅससाठी कठीण केलेल्या नसतील तर त्या लवकर झिजतात. तिथे व्हॉल्व्हचा क्लेम मागणं चूक, पण पॉवर विंडोची मोटर मागणं चूक नाही.

म्हणजे रेघ ओढता येते. नेमका कुठला पार्ट, कुठला बदल, दोहोंमध्ये काय संबंध. तुमचे इंजिनिअर ती माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगली ओढतील. प्रश्न एवढाच आहे की ती ओढायचं तुम्ही टाळता, कारण धूसर ठेवण्यात फायदा तुमचा आहे. मालक घाबरून प्रत्येक गोष्ट शोरूममधूनच घेतो, आणि घेतलेलीही लपवतो. लपवल्यामुळे तुमच्याच मेकॅनिकला बिघाड शोधायला त्रास होतो, हे तरी लक्षात घ्या. ज्या वायरीबद्दल कुणी सांगितलंच नाही ती शोधण्यात अख्खा दिवस जातो.

तेव्हा मागण्या अशा:

१. क्लेम नाकारलात तर तो लेखी नाकारा. कुठला पार्ट, कुठला फेरबदल, त्यामुळे बिघाड कसा झाला, काय तपासलं, कुठला कोड मिळाला, तपासणाऱ्याचं नाव आणि सही. हे नसेल तर तो नकार मानला जाऊ नये.

२. नकार त्या पार्टपुरता आणि त्यामुळे प्रत्यक्ष बिघडलेल्या भागापुरता असावा. गाडीच्या नंबरावर सरसकट शेरा मारणं बंद करा, आणि आधी मारलेले शेरे मालकाने मागितल्यास दाखवा.

३. प्रत्येक मॉडेलसाठी एक तक्ता छापा. कशाने वॉरंटीला धक्का लागत नाही, कशाने कुठल्या भागाची वॉरंटी जाते, आणि काय अजिबात करू नये. चाकांचे चालणारे आकार आणि ऑफसेट, वायरिंगवर जास्तीत जास्त किती लोड, कुठे जोडायचं आणि कुठे हात लावायचा नाही. हा तक्ता गाडी बुक करण्याआधी हातात मिळावा.

४. लेखी विचारलं तर लेखी उत्तर ठरलेल्या मुदतीत द्या. महिना पुरेसा आहे. मुदतीत उत्तर आलं नाही, तर तो बदल आहे म्हणून क्लेम नाकारता येणार नाही, असं तुमच्याच नियमात घाला.

५. शोरूममध्ये विकलेल्या प्रत्येक ॲक्सेसरीच्या बिलावर वॉरंटी कुणाची, किती महिन्यांची आणि काम कुणी केलं, हे लिहा. शोरूममधल्या कामाला आणि बाहेरच्या कामाला कसोटी एकच लावा.

६. वाद झाला तर गाडीतला नोंदलेला डेटा मालकाला द्या, आणि तिऱ्हाईत तज्ज्ञाकडून तपासणी करू द्या. तपासणीत मालक खोटा ठरला तर खर्च त्याचा, कंपनी खोटी ठरली तर कंपनीचा.

७. अपंग चालकांच्या गाडीतले हँड कंट्रोल, डावा ॲक्सिलरेटर, फिरती सीट यांची स्वतंत्र मान्य यादी करा, आणि ही उपकरणं बसवल्याने बाकीच्या गाडीची वॉरंटी अबाधित राहते असं आश्वासन छापील द्या. या मागणीला इतरांसोबत रांगेत उभं करू नका. ही आधी पूर्ण व्हावी.

माझ्या व्यवसायातल्या लोकांनाही इथेच सांगतो. वायर कापू नका, जिथे कपलर मिळतो तिथे कपलर वापरा. फ्यूज मोठा घालून काम भागवू नका. बिलावर काय बसवलं, कुठून करंट घेतला, किती ॲम्पियरचा फ्यूज टाकला ते लिहून द्या आणि कामाचे फोटो ग्राहकाला पाठवा. ‘वॉरंटीला काही होत नाही’ असं तोंडी सांगून माल खपवणं हा सर्व्हिस सेंटरच्या तोंडी नकाराचाच भाऊ आहे. ग्राहक दोघांच्या मध्ये भरडला जातो.

माझ्या स्टिअरिंगचा आवाज अजून आहे. क्लेम मी पुन्हा दाखल करणार आहे, या वेळी कॅमेऱ्याच्या वायरीचं डायग्राम जोडून, आणि ज्या अधिकाऱ्याच्या सहीने नकार येईल त्याचं नाव मागून. वरच्या मागण्यांवर तुमचं म्हणणं काय, ते महिन्याभरात जाहीर करावं. सगळ्या मान्य नसतील तर कुठली मान्य नाही आणि का, ते सांगा, आपण त्यावर बोलू. तांत्रिक मुद्द्यावर समोरासमोर बसायची तयारी असेल तर मी माझं मीटर घेऊन येतो. गाडी कुठली तपासायची, ते तुम्ही ठरवा.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन आणि तुमचाच एक ग्राहक